दूर ठेवलेली वही आणि तिच्याकडे जाणारी वाट

2019 च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले होते. धोक्याची खूण 45 फुटांची. अशा पुरात पतपेढीची खातेवही तळमजल्यावरच्या एकाच संगणकात असली, तर ती गेलीच म्हणायची. म्हणून हल्ली पुष्कळ संस्था आपली वही, म्हणजे डेटाबेस, भाड्याच्या दूरच्या यंत्रांवर ठेवतात. याला क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे, यंत्रे मात्र जमिनीवरच! मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात आणि अमेझॉनने 2016 साली मुंबईत अशी केंद्रे उघडली.

भाड्याची स्वस्त तऱ्हा सामाईक विहिरीसारखी. शेजाऱ्याने जास्त उपसा केला की तुमची पाळी रखडते. दुसऱ्या तऱ्हेत यंत्रे एकट्या तुमची आणि भोवतीचे कुंपणही तुमचेच. त्या कुंपणात बहुधा तीन यंत्रे असतात, शक्य तर वेगवेगळ्या इमारतींत. नोंद आधी मुख्य यंत्रात होते, मग बाकी दोघांत तिची नक्कल उतरते. मुख्य बंद पडले, तर उरलेली दोघे आपल्यातून नवा मुख्य निवडतात. तीनच का, दोन का नकोत? दोघांमधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटणार, दुसरा गेला, आता मीच मुख्य. मग एकाच खात्याच्या दोन वह्या! तिघांत निदान दोघांचे मत लागते, म्हणून हा घोळ टळतो. तिन्ही इमारती एकाच शहरात असल्या, तर एक नक्कल दुसऱ्या शहरात हवीच.

आता वाटेचे बघू. तुमच्या कचेरीचे जाळे या कुंपणाला थेट जोडता येते. पण दोन्हीकडे यंत्रांचे पत्ते सारखे असून चालत नाही. दोन गावांत 112 नंबरचा गट असतो, ते ठीक. गावे एक केली की टपालवाला कुठे जाणार? शिवाय शेजाऱ्याने त्याच्या बांधावरून तुम्हांला वाट दिली, म्हणून त्याच्या पलीकडच्याच्या रानात शिरता येत नाही. इथेही तसेच, प्रत्येक जोड निराळी मागावी लागते.

कुंपणाच्या फाटकावर एक यादी असते : अमुक पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोडा. काम सुरू करताना सोयीसाठी तिथे ‘कोणीही या’ असे लिहून ठेवतात आणि पुढे ते पुसायचे राहून जाते. मग किल्ली म्हणजे नुसता पासवर्ड, आणि तो जगभरातून कुणीही लावून बघतो. पतपेढीच्या चिटणिसाने यंत्रवाल्याला एवढे तरी विचारावे, की आमच्या यादीत आज कोणाकोणाचे पत्ते आहेत, ते वाचून दाखवा.