सुट्टी नेमकी कोणाची?

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पोरं दिवसभर घरात. संध्याकाळी आई म्हणते, "कधी उघडते बाई शाळा!" मग माया आटली का? आपण जरा मागे पाहू. आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी यायची. झोके, गौराईची गाणी; पोरं आजी-मामाच्या अंगणात. मुलांच्या सुट्टीत आईलाही विसावा मिळे. आता पुष्कळ घरांत माहेरपण दोन-चार दिवसांचं झालं, शाळेची सुट्टी मात्र लांबच राहिली. पूर्वी दहा हातांत वाटलेलं काम आज आई-बापावर येऊन पडलंय. थकवा येतो तो त्यामुळे. म्हणून उपदेश करण्याआधी आपण आजी-आजोबांनी, शेजाऱ्यांनी एवढंच म्हणावं: आज दुपारी पोरं आमच्याकडे धाडा.