बंदुकीच्या अर्जावर बायकोची सही!

मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर नवरा 'इथं सही कर' म्हणतो आणि आपण न वाचताच करून मोकळ्या होतो. पण बंदुकीच्या परवान्यासाठी बायकोची सही? कॅनडात ती मागतात, बरं का!

अर्जात सध्याची बायको तर येतेच, पण गेल्या दोन वर्षांत जिच्यासोबत संसार केला तिचंही नाव लिहावं लागतं. (अर्ज बाईचा असेल तर नवऱ्याचं!) तिने सही केली नाही म्हणून अर्ज लगेच फेटाळत नाहीत, पण सरकारी कचेरी तिला कळवते. 'मला या माणसाची भीती वाटते' हे सांगायला तिला जागा मिळते. शिवाय प्रशिक्षण, परीक्षा आणि नव्या अर्जदाराला किमान २८ दिवस थांबणं. रागाच्या भरात उठला आणि दुकानातून बंदूक घेऊन आला, असं चालत नाही.

हे सगळं सुखासुखी आलेलं नाही. ६ डिसेंबर १९८९ ला मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक तरुण रायफल घेऊन शिरला. वर्गातल्या मुलांना त्याने बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १४ जणी गेल्या. गुन्हा काय, तर बाई असून शिकत होत्या! रायफल रीतसर विकत घेतलेली. तिथलीच विद्यार्थिनी हायडी रॅथजेन वाचली. तिने आणि गेलेल्या मुलींच्या आईवडिलांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा १९९५ मध्ये कडक कायदा झाला.

शेजारच्या अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार तिथे शंभर माणसांमागे १२० बंदुका, तर कॅनडात सुमारे ३५. केंद्राच्या कायद्यात बायकोला विचारण्याची अट नाही. दुकानदार गिऱ्हाइकाची चौकशी करतो, पण खासगी व्यवहारात केंद्राचा कायदा तेही मागत नाही. काही राज्यांनी आपापले नियम केलेत तेवढेच. बायकोला मारहाण केल्याचा साधा गुन्हा सिद्ध झाला तरी १९९६ पासून नवऱ्याला बंदूक बंद. पण लग्न न केलेला, वेगळा राहणारा मित्र मारत असेल तर? त्याला कायद्यात आणायला २०२२ साल उजाडलं!

तरी कॅनडातल्या बाया निर्धास्त नाहीत. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात एकाने आधी आपल्या जोडीदारणीला मारहाण केली आणि मग २२ जणांचे जीव घेतले. ती रात्रभर जंगलात लपली म्हणून वाचली. त्याच्या तीन बंदुका सीमेपलीकडच्या मेन राज्यातून चोरून आणलेल्या. परवाना काढलाच नव्हता, मग तिची सही मागणार कोण?