वतन सुटले, तो दिवस आपण कधी साजरा करणार?

आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरवर काही तारखांभोवती निळ्या शाईने गोल केलेला असतो. १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, २० मार्चचा महाड, १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन. या तारखा लहान पोरालाही तोंडपाठ असतात. पण ज्या दोन तारखांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोक्यावरचे ओझे खरोखर खाली उतरवले, त्यांना मात्र बहुतेक घरांत कोणी ओळखत नाही. पहिली तारीख १६ डिसेंबर १९३९. दुसरी १ ऑगस्ट १९५९. पहिल्या तारखेचे गाव तर आपल्याच अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्या गावाचे नाव हरेगाव.

वाचकहो, या दोन्ही तारखा महारवतनाच्या आहेत. आपल्या गुलामीच्या अखेरीचा दिवस कोणता, असे उद्या नातवाने विचारले तर त्याला काय सांगायचे, याचा विचार आजच करून ठेवायला हवा.

वतन की वेठ?

‘वतन’ हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. वतनदार म्हटले की फेटा, वाडा आणि मान डोळ्यांपुढे येतो. पाटलाचे वतन तसे असेलही. महाराचे वतन म्हणजे काय होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

गावात सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे. त्याच्या जनावराला दाणावैरण, त्याच्या चुलीला लाकूडफाटा आणायचा. चावडी झाडायची, रात्री गस्त घालायची. गावचा वसूल तालुक्याच्या कचेरीत पोचवायचा. शिवेचा तंटा निघाला तर हद्द दाखवायची. कोणाच्या घरी मयत झाली की ऊन-पाऊस न बघता परगावी सांगावा घेऊन जायचे. मेलेले ढोर ओढायचे. येसकराची पाळी आली की घुंगराची काठी हातात घेऊन दारोदार भाकरी मागायची. या कामांना वेळ नव्हती आणि गणतीही नव्हती. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे.

घरचा कर्ता पुरुष आजारी असला किंवा परगावी गेला असला तर त्याच्या जागी बापाला, भावाला, पोराला धरून नेत. पुरुष नसला तर बाईलाही कामाला लावीत. म्हणजे वतन एकट्या माणसावर नव्हते, साऱ्या घरादारावर होते, आणि जन्माला यायच्या मुलावरही होते. आपल्या आज्या-पणज्यांनी काढलेली ही वेठ कोणत्याच सरकारी दप्तरात नोंदलेली नाही.

आणि मोबदला? काम सरकारचे, पण पगार देण्याची जबाबदारी सरकारने अंगावर घेतली नव्हती. थोडी इनाम जमीन, जिला आपण हाडकी-हाडोळा म्हणतो, ती पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एकेकाच्या वाट्याला चार-दोन पाभरी उरलेली. वर गावाने खळ्यावर दिले तर बलुते. गावकरी रागावले की बलुते बंद. मालक एक, पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात, अशी ही चाकरी होती. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले. त्या एका शब्दात काय काय भरले होते, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

हिंदुस्थानात इंग्रजांनी १८४३ साली कायदा करून गुलामीला कायद्याचा आधार राहणार नाही असे जाहीर केले. पण त्यानंतर ३१ वर्षांनी, १८७४ साली, वंशपरंपरागत वतनांचा मुंबई कायदा झाला आणि महाराची चाकरी त्यात पक्की बांधली गेली. तिला कोणी गुलामी म्हटले नाही, ‘हक्क’ म्हटले. बावन्न हक्कांच्या गोष्टी सांगत आपलीही माणसे त्या नावाला भुलली.

बाबासाहेबांची तीस वर्षांची लढाई

बाबासाहेबांनी या नावामागचे रूप ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा, म्हणजे महाराला गावापुढे हात पसरावा लागणार नाही. कोणती कामे करायची ते नीट लिहून ठेवा. आणि ज्याला चाकरी सोडायची असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता आली पाहिजे.

या तिसऱ्या मागणीतच सारी मेख होती. जमीन हवी तर चाकरी कर, चाकरी नको तर जमीन सोड, अशा कात्रीत माणूस अडकला होता. ती कात्री बाबासाहेबांना मोडायची होती. बिल निवड समितीकडे गेले, तिथे त्याचे इतके हाल झाले की जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते परत घेतले.

बिलाला विरोध फक्त सरकारचा आणि सवर्णांचा नव्हता. आपल्यातल्याही पुष्कळांना वतन सोडवत नव्हते. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात उद्याच्या दाण्याची सोय नाही, त्याला हाडोळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचे सूप सोडून दे म्हणणे म्हणजे काय, याचाही विचार करावा. बाबासाहेबांनी तो केला होता. म्हणून तर त्यांनी जमीन राखून चाकरी सोडण्याचा मार्ग मागितला.

हरेगावची परिषद

पुढे सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली. आधीच तुटपुंज्या जमिनीवर जास्तीचा सारा, आणि वेठ मात्र होती तशीच. याविरुद्ध १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले. सरकारने हा अन्याय दूर केला नाही तर लढा द्यावा लागेल, असे त्यांनी तिथे बजावले.

परिषदेचे नाव पुन्हा एकदा वाचा. त्यात महार आहेत तसे मांगही आहेत. वेठ ही एकाच जातीच्या वाट्याला आली नव्हती, आणि तिच्याविरुद्धची हाकही एकट्याने दिली गेली नाही. आज दोन वस्त्यांत बोलणे तुटले असेल तर हरेगावची आठवण काढायला हवी.

१ ऑगस्ट १९५९

वतन जाण्याचा दिवस पाहायला बाबासाहेब उरले नाहीत. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर मुंबई राज्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. चाकरी संपली, बलुत्याचे बंधन संपले. वतनाची जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग आकाराच्या काही पट रक्कम भरून ती मूळ वतनदाराला परत द्यायची असे ठरले. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, अशी अटही घातली गेली.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसानेच आपली जमीन राखण्यासाठी पैसे भरायचे! पैसे कोठून आणायचे, फेरफार कोणी करून घ्यायचा, सात-बारा कोणी वाचायचा? त्या पिढीत शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. अशा वेळी कागद न कळल्याने जमीन हातची गेली, अशा हकिकती आजही वस्तीवस्तीत ऐकू येतात.

दुसरीही एक १ ऑगस्ट

हीच तारीख जगाच्या दुसऱ्या टोकालाही मोठी मानली जाते. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतली गुलामी कायद्याने संपली. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस अशा बेटांवर आणि इतरत्र मिळून आठ लाखांच्या आसपास गुलाम होते. त्यातले पुष्कळसे उसाच्या मळ्यांत राबत होते. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याने आणि उसाच्या मळ्यांनी ओळखल्या जाणाऱ्या हरेगावच्या माणसाला हे वाचून काय वाटेल? साखरेच्या गोडीमागचा घाम दोन्हीकडे एकाच खारटपणाचा आहे.

त्या वेळी ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ती मिळाली मालकांना. गुलामांना एक पैही मिळाली नाही, उलट शिकाऊ उमेदवार म्हणून त्यांना आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले. खरी सुटका झाली १ ऑगस्ट १८३८ रोजी. आदल्या रात्री जमैकातल्या फाल्मथ गावी लोक जमले आणि त्यांनी बेड्या, चाबूक आणि गळ्यातले लोखंडी कडे शवपेटीत घालून पुरले. त्रिनिदादमध्ये १९८५ पासून या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते.

अमेरिकेत असाच दिवस १९ जूनला येतो. अध्यक्ष लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली होती. पण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन गावी सैन्य पोचून तो हुकूम वाचला गेला १९ जून १८६५ रोजी. जवळजवळ अडीच वर्षे माणसे कायद्याने मोकळी आणि मळ्यात गुलाम होती. तेव्हापासून कृष्णवर्णीय कुटुंबे हा दिवस एकत्र जेवून, गाऊन, तो हुकूम मोठ्याने वाचून साजरा करीत आली. १८७२ साली ह्यूस्टन शहरातल्या मुक्त झालेल्या लोकांनी वर्गणी काढून या सणासाठी दहा एकर जागा विकत घेतली. सरकारने राष्ट्रीय सुट्टी दिली ती २०२१ साली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ हा दिवस सरकारने नव्हे, घरांनी सांभाळला.

या माणसांशी आपले नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले.

कायदा आला, हुकूम पोचला का?

गॅल्व्हेस्टनची गोष्ट आपल्याला एक प्रश्न विचारते. कायदा मुंबईला झाला, पण तो गावच्या वेशीच्या आत कधी आला? येसकराची काठी खाली ठेवणाऱ्यांना गावोगाव बहिष्कार सोसावा लागला. ढोर ओढणार नाही म्हणणाऱ्याला शेतात काम मिळेना, विहिरीवर पाणी मिळेना. ज्यांनी तरीही माघार घेतली नाही, त्यांच्यामुळे १९५९ चा कागद खरा झाला.

आणि तो पुरता खरा झाला असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना उलटे टांगून मारहाण झाली. गाव होते हेच हरेगाव. ज्या मातीत बाबासाहेबांनी वेठीविरुद्ध आवाज उठवला, तिथेच चौऱ्याऐंशी वर्षांनी हे घडले. हे विसरून केलेला सण नुसता देखावा ठरेल.

वेठबिगारी रद्द करणारा देशाचा कायदा १९७६ चा आहे. तरीही पाथर्डी, शेवगावकडची कुटुंबे दरसाल मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतात. ती फिटली नाही की पुढच्या हंगामालाही तोच मुकादम आणि तोच फड. पोरांची शाळा सुटते ती वेगळीच. वतन गेले, पण आगाऊ पैशाने माणूस बांधून ठेवायची रीत गेली का, हे आपणच पाहायचे आहे.

दिवस कसा पाळावा?

मोठा मंडप, डीजे आणि वर्गणीची पावती यांची मुळीच गरज नाही. १६ डिसेंबरच्या संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर सर्वांत वयस्कर माणसाला बोलू द्यावे, आणि बायांना आधी बोलू द्यावे. वतनाची कामे, बलुत्याची भाकरी, काठी खाली ठेवल्याचा दिवस, जे आठवेल ते. एखाद्या शिकणाऱ्या मुलीने ते वहीत उतरवून घ्यावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. ती गेली की ही बखर गेली.

१ ऑगस्टला घरातला सात-बारा आणि जुने फेरफार बाहेर काढावेत. जमीन वतनी आहे का, कोणाच्या नावावर आहे, काय अट आहे, हे पोरांना वाचून दाखवावे. कागदात गोम दिसली तर जाणत्या वकिलाला विचारावे. ज्या पिढीला कागद वाचता आला नाही तिची नातवंडे आज पदवीधर आहेत. त्यांच्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

१ ऑगस्ट ही अण्णाभाऊ साठे यांचीही जयंती. मातंग वस्तीत त्या दिवशी मिरवणूक असतेच. तिथे आपण जावे, त्यांना आपल्याकडे बोलवावे. दोन्ही वस्त्यांनी आपापल्या घरून गरम भाकरी आणावी आणि एका पंगतीत बसावे. मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या कमाईची ताजी भाकर एकमेकांच्या ताटात वाढावी, याहून मोठा सण तो कोणता?

शेजारच्या घरातला कोणी उचलीत अडकला असेल, तर त्याच पंगतीत त्याचीही गोष्ट निघावी. त्याच्या मुलांची शाळा हंगामात कशी टिकवायची, कोण घरी ठेवून घेईल, हे तिथेच ठरावे. तेवढे एक काम पार पडले तरी त्या वर्षीचा दिवस आपण खऱ्या अर्थाने साजरा केला असे समजावे.