पासपोर्ट राहू द्या, कालनिर्णय काढा

कॅरिबियनचं पॅकेज बघून डोळे पांढरे झाले असतील, तर विरारची लोकल पकडा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर, वैतरणेच्या मुखाशी अख्खं बेट आहे. किल्ल्यासकट.

मुंबईहून सकाळी निघालात तर तुमची गाडी गर्दीच्या उलट दिशेची. चक्क बसायला मिळेल! हा मार्ग तसा मुरलेला, विरार ते मुंबई बॅकबे गाडी 1867 मध्येच सुरू झाली. भाईंदर गेलं की खाडीत पाणजू बेट दिसतं. लोकलच्या दारातून निर्माल्य आणि नारळ भिरकावणाऱ्या भाविकांना ते दिसत नसावं, कारण खाडीवरच्या रेल्वेपुलावरून पाणजूचे लोक चालत असतात. नारळ लागून माणसं जखमी झाली आहेत, एकाचा जीवही गेला आहे. हात आवरा.

विरार पश्चिमेहून अर्नाळ्याला बस आणि रिक्षा, पुढे होडी. होडीत चढताना बरेचदा गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. तेव्हा बूट घरी, मोबाइल वरच्या खिशात.

आता महत्त्वाचं. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत. आपल्याकडे उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर वरखाली होतं. म्हणून इथे बुकिंगपेक्षा तिथी मोठी. दर्यावर्दी माणसांचा हिशेब पाऊणकीचा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी? चार पाऊण तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी आली. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालवून घ्या. पावसाळ्यात मात्र सगळे हिशेब बंद. 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते, होडीसाठी हट्ट धरू नका.

बेटावर काय? पोर्तुगीज याला गायींचं बेट म्हणत. 1737 मध्ये ते मराठ्यांनी घेतलं आणि जलदुर्ग उभा केला. दरवाजावरचा शिलालेख जरूर वाचा. हुकूम देणाऱ्या बाजीरावाबरोबर बांधणाऱ्या बाजी तुळाजीचंही नाव त्यात आहे. सरकारी कोनशिलेवर आज गवंड्याचं नाव शोधून दाखवा! आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, अष्टकोनी तळं. दक्षिणेला तटापासून सुटा, एकटाच एक गोल बुरूज. आणि हो, 18 जून 2025 ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस अर्नाळा’ याच किल्ल्याच्या नावाची. काम: किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणं.

कॅरिबियन अगदीच हवं असेल तर चिकू खा. झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिका-कॅरिबियन पट्ट्यातलं, पण भौगोलिक मानांकन मिरवतोय आपल्याच पालघर जिल्ह्यातला डहाणू-घोलवडचा चिकू. देणंघेणं क्रिकेटमध्येही आहे: विरारच्या पृथ्वी शॉनं ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत 134 ठोकले, ते वेस्ट इंडिजलाच.

किनाऱ्यावर बोंबील वाळताना दिसतील. जरा जवळ जा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टांगलेली असते; ना दोरी, ना आकडा. वास येणारच, नाकाला रुमाल लावून फोटो काढण्यापेक्षा थोडे विकत घ्या. मावशींशी घासाघीस करा, पण जपून, त्या तोंडाने तुम्हाला सहज हरवतील. घेतलेत की पिशवीवर पिशवी, त्यावर आणखी एक. परतीच्या डब्यात शेजारी कोण बसेल, सांगता येत नाही.