खंडाळ्याच्या घाटातले पूल आणि पाटी उचलणाऱ्या बाया

मुंबईहून पुण्याला रेल्वेने गेला असाल, तर कर्जतला गाडीला मागूनही इंजिन जोडतात ते पाहिलं असेल. कारण पुढे बोरघाट, म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट चढायचा असतो. त्या घाटातल्या दऱ्यांवर इंग्रजांच्या काळात दगडी कमानींचे पूल बांधले गेले. आज त्यांच्याविषयी बोलू.

दरीवर पूल कशाला लागतो? बैलगाडी दरीत उतरते आणि पलीकडे चढतेही. आगगाडीला ते जमत नाही. तिची लोखंडी चाकं लोखंडी रुळावरून घसरतात. म्हणून इथे ३७ फुटांमागे एक फूट, एवढाच जास्तीत जास्त चढ ठेवला. डोंगर आडवा आला तिथे बोगदा खणला, दरी आली तिथे पूल बांधला. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेवर २५ बोगदे आणि ८ दरीपूल झाले.

कमान बांधताना आधी लाकडी साचा उभारतात. त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड रचत आणतात. मधला शेवटचा दगड बसला, की साचा काढतात. मग वरून भार आला की दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात आणि भार खांबांवाटे जमिनीत जातो.

हे काम १८५६ मध्ये सुरू झालं. पुढे सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज ठेकेदाराने ते घेतलं. पण भारतात आल्यावर थोड्याच काळात, १८५९ मध्ये तो वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार इंजिनियर नेमून तिने काम पुरं करून घेतलं. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

ॲलिसचं नाव इतिहासात राहिलं. पण १८६१ मध्ये घाटात ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. डोक्यावर पाटी घेऊन माती-दगड वाहणाऱ्या बाया त्यांत होत्या. कॉलरा आणि तापाने कितीतरी माणसं तिथेच गेली. त्या बायांची नावं आज आपल्याला कोण सांगणार?

आजही ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’ धरतात आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जाते. म्हणून बायांनो, कामावर गेलात की हजेरीत आपलं नाव वेगळं लिहून घ्या. मजुरी आपल्या खात्यावर मागा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने सांगायचं : माझं नाव हजेरीत आहे की नाही?