दोन वाद्यांची एक सकाळ

संगीताचा जलसा म्हटला कीं रात्रीची वेळ, दिव्यांचा झगमगाट आणि उत्तररात्रीपर्यंत रंगत जाणारी बैठक आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासांतील एक अत्यंत महत्त्वाचा जलसा सकाळीं आठ वाजतां झाला. ता. २४ मे १८०३ रोजीं व्हिएन्ना शहराच्या आउगार्टन नांवाच्या बागेंतील सभागृहांत पियानोवर बीथोव्हेन बसला होता व व्हायोलिन घेऊन जॉर्ज ब्रिजटॉवर हा तरुण उभा होता. त्या दिवशीं दोघांनीं प्रथमच वाजविलेली रचना आज जगभर वाजविली जाते. मात्र ती ज्या नांवानें ओळखली जाते, तें नांव त्या जलशाशीं कांहींच संबंध नसलेल्या एका तिसऱ्याच गृहस्थाचें आहे. हें कसें घडलें, आणि दोन वाद्यांच्या अशा जलशांत ऐकावयाचें तरी काय, हें आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वेळेविषयीं. त्या काळीं व्हिएन्नांतील नाटकगृहें संध्याकाळीं नाटकें व संगीतिका यांनीं व्यापलेलीं असत. आउगार्टन ही मूळची राजघराण्याची बाग. बादशहा दुसरा जोसेफ यानें ती १७७५ सालीं सर्व लोकांस खुली केली. पुढें तेथें उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळचे जलसे होऊं लागले. १७८२ सालच्या जलशांत मोझार्टनेंहि भाग घेतला होता. तेव्हां ब्रिजटॉवरच्या जलशाची वेळ आपणांस कितीहि चमत्कारिक वाटली, तरी तेथील लोकांना ती परिचयाची होती.

आतां वाद्यांकडे वळूं. पियानो व व्हायोलिन हीं दोन्ही तारांचीं वाद्यें. परंतु त्यांचा स्वभाव अगदीं भिन्न. पियानोची पट्टी दाबली कीं आंतील लहानशी हातोडी तारेवर आपटून मागें येते. सूर आघातानें जन्मतो व जन्मतांच क्षीण होऊं लागतो. एकदां उमटलेला सूर वादकास वाढवितां येत नाहीं. व्हायोलिनच्या तारेवर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज फिरत असतो. म्हणून त्याचा सूर लांबवितां येतो, बारीक काढून मोठा करितां येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेतां येतो. उलट व्हायोलिनला तारा चारच. पियानोवर मात्र दहाहि बोटांनीं एकाच वेळीं अनेक स्वर वाजवितां येतात. एकापाशीं जें नाहीं तें दुसऱ्यापाशीं आहे. शिवाय त्या काळच्या व्हिएन्नांतील पियानोची चौकट लांकडी असे व त्यास सुमारें पांच सप्तकांच्याच पट्ट्या असत. आजच्या ८८ पट्ट्यांच्या व लोखंडी चौकटीच्या पियानोपेक्षां त्याचा आवाज पुष्कळच हलका होता. त्यामुळें शेजारचें व्हायोलिन त्याच्या आवाजाखालीं दबून जाण्याचें भय कमी होतें.

असें असूनहि अठराव्या शतकांत हीं दोन वाद्यें बहुधा समान मानानें बसत नसत. आपल्याकडे गवई मुख्य व सारंगीवाला साथीदार, तशांतलाच हा प्रकार होता. सोनाटा म्हणजे गायनावांचून केवळ वाद्यांसाठीं रचलेली, अनेक भागांची दीर्घ रचना. अशा सोनाट्यांच्या छापील पुस्तकांवर "व्हायोलिनच्या साथीसह पियानोसाठीं" अशा अर्थाचे शब्द पुष्कळदां आढळत. मोझार्टनें आपल्या उत्तरकालीन रचनांत व्हायोलिनला बरोबरीचा वांटा दिला. बीथोव्हेननें एकंदर दहा व्हायोलिन सोनाटे लिहिले; त्यांतील हा नववा. याच्या मुखपृष्ठावर त्यानें स्पष्टच छापविलें कीं ही रचना जवळजवळ कन्चेर्टोच्या धर्तीची, म्हणजे परस्परांशीं चढाओढ करीत वाजविण्याची आहे. येथें साथीदार कोणीच नाहीं.

हा बरोबरीचा मान पेलणारा वादक कोण होता? ब्रिजटॉवरचा जन्म पोलंडांत झाला. त्याचे वडील कृष्णवर्णीय, आफ्रिकन वंशाचे, व आई यूरोपियन होती. १७८९ सालीं, अवघ्या दहा वर्षांच्या सुमारास, त्यानें पॅरिस येथें व्हायोलिन वाजवून श्रोत्यांस थक्क केलें. त्यानंतर तो इंग्लंडांत गेला व तेथील युवराजानें, म्हणजे पुढें चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्रानें, त्यास आपल्या आश्रयाखालीं घेतलें. १८०२ सालीं आईला भेटण्यासाठीं रजा घेऊन तो ड्रेस्डेनला गेला व पुढील वर्षीं व्हिएन्नास आला. तेथें प्रिन्स लिख्नोव्स्की यानें त्याची बीथोव्हेनशीं गांठ घालून दिली. ज्या काळीं आफ्रिकन वंशाचीं लक्षावधि माणसें गुलामगिरींत खितपत होतीं, त्या काळीं हा तरुण यूरोपच्या एका श्रेष्ठ संगीतकाराच्या शेजारीं बरोबरीच्या नात्यानें उभा राहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

बीथोव्हेनचें वय तेव्हां बत्तीस वर्षांचें होतें. त्याच्या कानांचा ऱ्हास सुरू झाला होता. आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर १८०२ मध्यें, आपल्या भावांना उद्देशून लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें या बहिरेपणाचें दुःख मोकळेपणानें मांडलें होतें. अशा मनःस्थितींतून तो नव्या उत्साहानें कामास लागला होता. जलशाचा दिवस उजाडला तरी सोनाटा पुरता उतरवून झालेला नव्हता! त्याचा शिष्य फर्डिनांड रीस यानें लिहून ठेवलें आहे कीं, बीथोव्हेननें आपणांस पहांटे साडेचार वाजतां बोलावून घेतलें व पहिल्या भागांतील व्हायोलिनचें लेखन झटपट उतरवून काढण्यास सांगितलें. पियानोच्या बाजूचे स्वर तर कागदावर मधून मधूनच लिहिलेले होते. दुसरा भाग नकलून काढण्यास वेळच उरला नाहीं. तो ब्रिजटॉवरला बीथोव्हेनच्या मूळ हस्तलिखितावरून पाहून वाजवावा लागला. तिसरा भाग तेवढा तयार होता, कारण तो पूर्वीं दुसऱ्या एका सोनाट्यासाठीं लिहिलेला होता.

तालमीस पुरेसा अवसर नसतां ब्रिजटॉवर वाजविण्यास उभा राहिला, आणि केवळ लिहिलेलें वाचून थांबला नाहीं. त्याच्या स्वतःच्या टिपणावरून असें कळतें कीं, पहिल्या भागांत पियानो एकट्यानेंच एक सुरांची लाट वर चढवून खालीं आणतो, त्या ठिकाणीं त्यानें आपल्या मनानें तीच लाट व्हायोलिनवर उठविली. बीथोव्हेन जागेवरून उडी मारून उठला, त्यानें त्यास मिठी मारली व तें पुन्हां एकदां वाजविण्यास सांगितलें. न लिहिलेले स्वर वाजविल्याबद्दल रागावण्याऐवजीं तो आनंदित झाला. बरोबरीचा सोबती मिळाल्याची याहून उत्तम पावती कोणती?

हा सोनाटा ऐकण्याचा योग आला तर आमच्या वाचकांनीं पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. आरंभीं व्हायोलिन एकटेंच, एका वेळीं दोन-तीन तारांवर गज फिरवून, संथ गतीनें बोलतें. पियानो तेंच बोलणें उचलतो, परंतु त्यांत उदास छटा आणतो. मग गति एकाएकीं वाढते व सवालजबाबांस तोंड फुटतें. दुसऱ्या भागांत एक शांत सुरावट येते व तिचीं चार रूपें क्रमानें दाखविलीं जातात. एका रूपांत पियानो पुढें होतो, तर दुसऱ्यांत व्हायोलिन उंच स्वरांत पांखराप्रमाणें भिरभिरतें. तिसरा भाग पियानोच्या एका दणदणीत आघातानें सुरू होतो व नृत्याच्या ठेक्यांत धांवत सुटतो. एका वाद्याकडून दुसऱ्याकडे बोलणें केव्हां गेलें, आणि गप्प झाल्यासारखें वाटणारें वाद्य त्या वेळीं हळूच काय करीत आहे, हें जो ओळखूं लागला त्याला अशा संगीताची किल्ली सांपडली असें समजावें.

आतां नांवाची कथा. मूळ हस्तलिखितावर बीथोव्हेननें ब्रिजटॉवरचेंच नांव लिहिलें होतें. तेंहि त्याच्या मिश्र वर्णाचा थट्टेनें उल्लेख करून. पुढें दोघांचें बिनसलें. एका मुलीवरून भांडण झालें, असें ब्रिजटॉवरनें वृद्धपणीं सांगितलें. त्याच सुमारास बीथोव्हेन पॅरिसला जाऊन राहण्याचा विचार करीत होता. १८०५ सालीं बॉनच्या सिम्रॉकनें सोनाटा छापला, तेव्हां त्यावर अर्पणपत्रिका निघाली ती पॅरिसचा नामांकित व्हायोलिनवादक रोडोल्फ क्रॉइट्झर याच्या नांवाची. क्रॉइट्झर लहान माणूस नव्हता. त्याचे अभ्यासपाठ व्हायोलिन शिकणारीं मुलें आजहि गिरवितात. परंतु ही रचना त्यास अगम्य वाटली व त्यानें ती कधीं लोकांपुढें वाजविली नाहीं. तरीहि ती "क्रॉइट्झर सोनाटा" झाली. १८८९ सालीं टॉलस्टॉयनें आपल्या एका कथेस तेंच नांव दिलें व वाचकांच्या जिभेवर तें कायमचें बसलें. ब्रिजटॉवरनें पुढें केंब्रिज विद्यापीठाची संगीतांतील पदवी मिळविली. १८६० सालीं लंडनच्या पेकहॅम भागांत तो वारला, तोंवर जग त्यास विसरून गेलें होतें. अलीकडे मात्र त्याची आठवण पुन्हां जागी झाली आहे. २००९ सालीं रीटा डव्ह या अमेरिकन कवयित्रीनें त्याच्या जीवनावर एक संपूर्ण काव्यग्रंथ प्रसिद्ध केला.

आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत कार्यक्रमपत्रिका छापतात. तींत गाणाऱ्या मुलीचें नांव असतें. तिच्यासाठीं महिनाभर पेटी वाजविणाऱ्या मुलाचें बहुधा नसतें, आणि रात्रीं जागून गाण्याच्या प्रती उतरविणाऱ्याचें तर नसतेंच. त्या पहांटे साडेचार वाजतां दिव्याजवळ बसून स्वर उतरविणारा रीस आपण आठवावा. हातांत अपुरा कागद असतांहि डगमगून न जातां उभा राहिलेला ब्रिजटॉवर आठवावा. नांव छापणें हें दुसऱ्याच्या हातीं असतें, आणि तें कधीं रागानें खोडलें जातें, कधीं नुसतें विसरलें जातें. म्हणून ज्यांच्या हातीं तें आहे, त्यांनीं तें जपून व न्यायानें छापावें. पुढील संमेलनाची पत्रिका तयार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं छापखान्यांत मजकूर धाडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: साथ कोणी केली?