ल्युपस : किडनीचे भविष्य सांगणारा एक आकडा

ल्युपसचे निदान झालेल्या मुलीचे आईवडील पहिल्यांदा विचारतात, ‘किडनी वाचेल ना?’ प्रश्न रास्त आहे. या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया, त्यातही बहुतेक तरुण. सांधेदुखी, केसगळती, गालांवरचा लाल चट्टा ही लक्षणे लगेच जाणवतात. मूत्रपिंडाचा दाह साधारण चाळीस टक्के रुग्णांना होतो. पण सुरुवातीला तो अजिबात जाणवत नाही. त्यामुळे काही त्रास नसला तरी लघवी नियमित तपासावी लागते.

लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिने जाऊ लागली, की सहसा बायॉप्सी सुचवली जाते. तिला नाही म्हणू नये. औषधाने निवळणारा दाह किती आणि कायमचे व्रण किती, हे तिच्यातूनच कळते.

पुढे काय होणार, याचा चांगला अंदाज मात्र साध्या लघवीवरून येतो. युरोपात ९० रुग्णांवर झालेल्या ‘युरो-ल्युपस’ चाचणीच्या माहितीचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांच्या बाराव्या महिन्यात ज्यांची प्रथिने दिवसाला ०.८ ग्रॅमच्या खाली आली होती, त्यांची मूत्रपिंडे सात वर्षांनीही चांगली असण्याची शक्यता बरीच जास्त होती. लघवीतील लाल पेशींचा निकष जोडल्यावर हा अंदाज सुधारण्याऐवजी बिघडला.

याचा अर्थ, आकडा गाठला नाही म्हणजे किडनी गेली असा नाही. सुरुवातीला प्रथिने फार जात असतील तर जास्त वेळ लागू शकतो. काहींचे औषध बदलावे लागते.

सध्याचे उद्दिष्ट असे : तीन महिन्यांत प्रथिने किमान पाव हिश्श्याने कमी व्हावीत, सहा महिन्यांत निम्मी, आणि वर्षभरात ०.५ ते ०.७ ग्रॅमच्या खाली यावीत.

नेमकी इथेच गडबड होते. चार-पाच महिन्यांत पायांची सूज उतरते, बरे वाटू लागते. स्टेरॉइडने चेहरा गोल झालेला असतो, घरात लग्नाची बोलणी सुरू असतात. मग कुणाला न विचारता गोळ्या बंद होतात. सूज गेली तरी आतला दाह शिल्लक असू शकतो, आणि स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. गोळ्यांचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा हळूहळू कमी करता येते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावे लागते. त्यासाठी डोळे नियमित तपासून घ्यावेत.

ल्युपस असूनही मूल होऊ शकते. मात्र त्याआधी आजार किमान सहा महिने शांत हवा. काही औषधे गर्भाला घातक असल्याने ती आधीच बदलावी लागतात.

एक वही ठेवा. तारीख, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, रक्तदाब एवढेच लिहा आणि दर भेटीला ती सोबत आणा. प्रथिनांचा आकडा खाली येतो आहे की पुन्हा चढतो आहे, हे त्या वहीत वेळीच दिसेल.